चष्म्याच्या दुकानातलं पाचारण

४ जून

प्रिय ठोंब्या,

सलाम. तुझी खुशाली विचारत नाही. तू आजारी असतास तर तुझ्या आईला स्वप्न पडलं असतं आणि तिने मला भल्या पहाटे उठवून ते सांगितलं असतं. माझी झोप शाबूत आहे, त्याअर्थी तू बरा आहेस.

कामाचं लिहिते. आपल्या मंडळीचा वाचनगट अजून माझ्या दुकानातच भरतो, रविवारची उपासना सुटली की. पाळकसाहेबांनी हॉल देऊ केला होता, पण हॉलमध्ये चष्मे नाहीत. आमच्यातल्या निम्म्यांना जवळचं दिसत नाही आणि ते कबूल करायची तयारी नाही. इथे आले की शोकेसमधला एखादा चष्मा उचलतात, किमतीची चिठ्ठी नाकाशी लोंबत असते आणि गहन चर्चा चालते. मागच्या खेपेला मुख्याध्यापक सर चमकीचे खडे लावलेली बायकी फ्रेम घालून 'त्याग' या विषयावर अर्धा तास बोलले. कोणी हसलं नाही. मी आतल्या खोलीत जाऊन हसून आले.

यंदाचा विषय आहे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आणि शिष्यत्व. जाड ग्रंथ घेतले की तिसऱ्या पानावर माना पडतात, म्हणून मीच ठरवलं, कादंबऱ्या वाचायच्या आणि त्यातल्या माणसाबद्दल दोन प्रश्न विचारायचे: याला कोणी बोलावलं, आणि हा काय सोडून निघाला? चांगलं चाललं होतं. पण मागच्या पुस्तकात एकजात सगळे मेले. प्लंबरभाऊ म्हणाले, देव बोलावतो म्हणजे असंच बोलावतो का? आता वाचनालय दुरुस्तीसाठी बंद आहे. तुमच्या सेमिनरीत पुस्तकांचे डोंगर आहेत असं ऐकते. एखादी कादंबरी पाठव. अटी अशा: पाचारणाबद्दल असावी, फार लांब नसावी आणि कोणी मरता कामा नये. फार तर एखादा म्हातारा, तोही सुरुवातीलाच.

ताईने तुझा झगा बेतायला घेतलाय. नोव्हेंबरात तू पाळक व्हायला समितीपुढे उभा राहणार, त्याची तयारी आतापासून. तू जन्मलास तेव्हा आठवडाभर निळा पडून होतास आणि तिने तुला देवाला देऊन टाकलं, ही कथा ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. लोक कपडे शिवायला येतात आणि तुझी साक्ष ऐकून जातात. बाह्या कधी कधी आखूड होतात त्या त्यामुळेच.

तुझी मावशी

१५ जून

मावशी,

सलाम. पुस्तक सापडलं, पण आमचे ग्रंथपाल कादंबऱ्या बाहेर नेऊ देत नाहीत. त्यांच्या मते कादंबरी बाहेर गेली की तिच्या मागोमाग विद्यार्थीही जातो. म्हणून युक्ती काढली आहे. 'मनोऱ्यातली शिडी' असं तिचं नाव. लेखक कोणाला फारसा माहीत नाही. मी तिथे बसून वाचतो आणि एकेक प्रकरण माझ्या शब्दांत लिहून पाठवतो. तू मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे कोणाला चष्माही लागणार नाही.

प्रकरण पहिलं. एका आईने आपला मुलगा तान्हा असतानाच देवाला दिलेला आहे. मुलगा मोठा होतो आणि उपदेशक व्हायला दूरच्या शहरात जातो. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात एक मोठं घड्याळ आहे, ते सारखं बंद पडतं. दुरुस्तीला आलेला मिस्त्री एकदा त्याला म्हणतो, जरा शिडी धर. हा धरतो. दुसऱ्या दिवशी शिडी चढतो. तिसऱ्या दिवशी धर्मशास्त्राचा तास बुडवतो. एका बाजूने वजन खाली जातं म्हणून दुसऱ्या बाजूने माणसांचा एवढा भार अलगद वर येतो, हे पाहून त्याचं भान हरपतं. त्याच्या हातांना जे पटकन कळतं ते त्याच्या तोंडाला कधीच कळलेलं नसतं. उपदेश करायला उभा राहिला की त्याला वाटतं, आपण दुसऱ्याचा कोट घालून आलोय आणि तो माणूस आत्ता परत मागायला येईल.

घरी आई त्याच्यासाठी झगा शिवते आहे. ही आई अशी आहे की रडू आलं तर रडत नाही, शेगडी घासते. म्हणून तो तिला काहीच लिहीत नाही. प्रकरण इथे संपतं.

माझं ठीक. आठवड्यातून दोनदा इस्पितळात रुग्णांना भेटायला जातो. सहा मजले आहेत आणि लिफ्ट सारखी बंद पडते, त्यामुळे तिथल्या लिफ्टच्या मिस्त्रीशी ओळख झाली आहे. बाकी विशेष नाही.

गटात कोण काय म्हणालं ते कळव. आई काय म्हणाली तेही. म्हणजे आपलं सहज.

तुझा ठोंब्या

२ जुलै

ठोंब्या,

अरे, काय पुस्तक काढलंस! आमच्या गटात इतकी भांडणं आजवर झाली नव्हती. मागच्या पुस्तकात एवढी माणसं मेली, त्यांच्यासाठीही कोणी इतकं तावातावाने बोललं नव्हतं.

सरांनी नाव ऐकताच मान डोलावली. "ही मी कॉलेजात असताना वाचली आहे. मूळ आवृत्तीत नायक लंगडा होता."

मी म्हटलं, "सर, लंगडा शिडी कशी चढेल?"

"तेच तर लेखकाचं कौशल्य," सर म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण त्या वेळी त्यांनी इतका भारी चष्मा लावला होता की सगळ्यांना पटलं.

प्लंबरभाऊंचं म्हणणं, पोराने आईला ताबडतोब सांगावं. भिंतीत गळती असेल तर वरून रंग मारून काय उपयोग? एवढं चांगलं बोलून ते थांबले असते तर बरं होतं. पुढे त्यांनी त्या मिस्त्रीला धरलं. परक्या पोराला शिडीवर चढवणारा मिस्त्री बेजबाबदार आहे, त्याचं काम काढून घ्यायला पाहिजे, यावर त्यांनी सगळ्यांची सही मागितली. कादंबरीतला मिस्त्री आहे, म्हटलं. म्हणाले, असू दे, तत्त्वाचा प्रश्न आहे.

तुझी आई मांडीवर झगा घेऊन टाके घालत होती. शेवटी म्हणाली, "त्या मुलाच्या कानाखाली दोन वाजवायला हव्यात." मग थोड्या वेळाने, "आणि रडू आलं की शेगडी घासते, यात लिहिण्यासारखं काय आहे? सगळ्याच घासतात."

कोणीही घासत नाही, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. ती फणकाऱ्याने निघून गेली. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर शेगडी अशी लखलखत होती की मी तीत बघून केस सारखे केले.

आता आपल्या दोघांतलं. मी चष्मे विकते, ठोंब्या. कोणाची नजर कुठे आहे ते मला लांबून कळतं. ही कादंबरी त्या वाचनालयात नाही हे मी पहिल्या पानावर ओळखलं. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. लोखंडाच्या घड्याळाबद्दल इतक्या मायेने कोणी लिहितं का? म्हणे भान हरपतं! फक्त एवढंच सांग, हे घड्याळ कोणाच्या घरचं, आणि त्याला बहिणी किती? मी कोणाला सांगणार नाही. माझ्या पोटात गोष्ट राहते, हवं तर कोणालाही विचार, सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझी मावशी

१४ जुलै

मावशी,

घड्याळाला बहिणी नाहीत. ते लोखंडाचं आहे. कृपा करून लेखकाच्या मनात नाही ते त्याच्या पदरात घालू नकोस.

प्रकरण दुसरं. नायकाला पहिल्यांदा भर उपासनेत उपदेश करायला उभं करतात. विषय शिष्यत्वाचा. तो 'सर्व सोडून माझ्यामागे ये' इथपर्यंत येतो आणि तेवढ्यात वरून खडखड ऐकू येते. त्याला लगेच कळतं की तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकलं आहे. तो लोकांना 'क्षमा करा' म्हणतो, व्यासपीठावरून उतरतो आणि थेट वर चढतो. लोक वाट बघत गीतं म्हणत बसतात. तो परत येतो तेव्हा हात काळे झालेले असतात आणि चेहरा मात्र खुललेला. एक म्हातारे उपदेशक त्याला विचारतात, "तुला वर कोणी बोलावलं होतं?" तो काळे हात पाठीमागे लपवतो.

इकडची एक गंमत. परवा आमचे प्राचार्य आणि मी इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकलो. प्राचार्यांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. मी दाराशी तोंड नेऊन मिस्त्रीला हाक मारली आणि आवाजावरून दाराचा खटका सरकला असावा असं सांगितलं. त्याने वरून तेवढंच पाहिलं. प्राचार्यांचं 'आमेन' आणि लिफ्टचं हलणं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. सगळं श्रेय प्रार्थनेला गेलं. मी वाद घातला नाही. दोघांचाही हात असेल.

समितीची तारीख ठरली, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. ते एकच प्रश्न विचारतात: प्रभूने तुला या सेवेसाठी बोलावलं आहे अशी तुझी खात्री आहे का? त्यावर फक्त 'हो' म्हणायचं असतं. आमच्यातले काही जण आरशासमोर उभं राहून त्या 'हो'चा सराव करतात. मीही करून पाहिला. आरशातला माणूस दुसरीकडे बघायला लागला.

आईला म्हणावं, झगा सावकाश शिव, घाई नाही.

तुझा ठोंब्या

३ ऑगस्ट

ठोंब्या,

या खेपेला स्वतः पाळकसाहेब आले होते. चर्चा ऐकून त्यांना राहवेना. म्हणाले, "शिष्यत्व म्हणजे सोडणं. कोळ्यांनी जाळी सोडली आणि ते निघाले. या मुलाने घड्याळ सोडायला हवं."

प्लंबरभाऊ म्हणाले, "साहेब, सगळ्यांनीच जाळी सोडली असती तर मासे कोणी धरले असते? प्रभूला पुढे मासे लागलेच की."

साहेब चष्मा पुसायला लागले. तो त्यांचा नव्हता, विक्रीचा होता.

मग आपला नेहमीचा प्रश्न आला: याला कोणी बोलावलं? सर म्हणाले, घड्याळाने. तुझी आई म्हणाली, "घड्याळ काय बोलावणार? मुलाला आई बोलावते. जेवायला." सगळे हसले. आणि मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, "आईने मुलगा देवाला दिला, ते ठीक. पण मुलाला विचारलं का?"

प्लंबरभाऊ पटकन म्हणाले, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! द्यायचं तर स्वतःचं काही द्यावं."

ताईची सुई थांबली. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "या लेखकाला आई म्हणजे काय ते ठाऊक नाही. मला त्याचा पत्ता द्या."

सर म्हणाले, "लेखक वारले. मी शोकसभेला होतो."

"मग त्यांच्या घरच्यांना लिहिते," ती म्हणाली.

मला हसू आवरेना आणि भीतीही वाटायला लागली. मी सांगितलं, ठोंब्याकडे पाठवू, तो पुढे पोचवेल. तिने दोन्ही प्रकरणं घरी नेली, दोन दिवस ठेवली आणि आज हे पाकीट आणून दिलं. बघतोयस ना? गोंदाने चिकटवलेलं नाही, चारी बाजूंनी शिवलंय. उघडून पुन्हा शिवायला गेले असते तर तिने टाक्यावरून ओळखलं असतं. म्हणजे मी उघडणार होते असं नाही.

झग्याचं काम गळ्याशी आलंय आणि तिथेच थांबलंय. ती म्हणते, दोरा संपला. तिच्या घरी दोऱ्याची दोन कपाटं आहेत.

घड्याळाचा एखादा फोटो असेल तर पाठव. नुसता बघायला.

तुझी मावशी

१ ऑगस्ट

लेखक महाशय यांस,

सलाम. तुम्ही वारलात असं आमचे सर म्हणतात. त्यांचं सगळंच खरं नसतं म्हणून लिहिते.

मी शिवणकाम करते. माझं वाचन बेताचं आहे. तुमच्या कादंबरीची दोन प्रकरणं बहिणीने वाचून दाखवली आणि मग मी घरी नेऊन पुन्हा वाचली. मला काही तक्रारी आहेत.

तुम्ही लिहिता की आईने मुलगा देवाला दिला. वाचणाऱ्याला वाटतं, बाई हट्टी आहे. तुम्ही तिथे होतात का? मूल निळं पडलेलं, डॉक्टरांनी मान हलवलेली. अशा वेळी बाई आधी मूल घट्ट धरते. धरून काही होत नाही असं कळलं की देऊन टाकते. मी म्हटलं, घे, हा तुझा. आता तुझ्या माणसाची काळजी तू घे. यात भक्ती थोडी होती आणि लबाडी जास्त होती. देवाला ते कळलं असणार. तरी त्याने मूल ठेवलं.

त्याला पाळकच करीन, असं मी देवाला म्हटलं नव्हतं. देवाचं माणूस म्हणजे नक्की काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? लोक म्हणाले, मग पाळकच करायला हवा. मला ते सोपं वाटलं. झगा शिवता येतो, दिसतो, चार लोकांना दाखवता येतो.

दुसरी तक्रार तुमच्या नायकाची. एवढ्या उंचावर चढायला तो भीत नाही आणि आईला चार ओळी लिहायला घाबरतो. आई काय मनोऱ्याहून उंच आहे? माझी उंची तुम्हाला ठाऊक नसेल. मोरीतल्या नळालाही मी टाचा उंचावून हात लावते.

तिसरी. घड्याळ तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकत नाही. घड्याळात माणसांचा भार वर जात नाही. तुम्ही घड्याळ म्हणता आणि लिहिता दुसऱ्याच कशाबद्दल तरी. माझी बहीण म्हणते, मुलगी आहे. ती चष्मे विकते, तिला लांबचं चांगलं दिसतं. जवळचं मी बघते. माझ्या मुलाच्या पत्रात इस्पितळाची लिफ्ट दोन्ही वेळा आली. रुग्ण एकदाही आला नाही.

शेवटचं सांगते. शेवटचं प्रकरण तुम्ही लिहू नका. तुम्हाला त्या आईची भीती वाटते, म्हणून तुम्ही तिला एकतर रडवाल नाहीतर मारून टाकाल. ते त्या मुलाला लिहू द्या. 'तो' असं नको, 'मी' असं लिहू दे. आणि समितीपुढे जाण्याआधी लिहू दे. देवाला खोटं 'हो' द्यायचं नसतं. एक लबाडी माझ्याकडून होऊन गेली आहे. एका घरात तेवढी पुरे.

आपली,
एक वाचक

२२ सप्टेंबर

ठोंब्या,

तुझं पत्र नाही, तिसरं प्रकरण नाही, फोटो नाही. त्या पाकिटात होतं काय? ताईला विचारलं तर म्हणते, साहित्यिक चर्चा. माझी बहीण आणि साहित्यिक चर्चा! ही बाई वर्तमानपत्राचे फक्त कागदी नमुने कापते.

गट कंटाळलाय. कादंबरी अडली म्हणून पाळकसाहेबांचा जाड ग्रंथ घेतला. प्लंबरभाऊ घोरायला लागले. सर म्हणतात, शेवट मला ठाऊक आहे, पण सांगितला तर तुमची गंमत जाईल. तुझी आई मात्र दर रविवारी सगळ्यात आधी येऊन बसते आणि मी पत्रपेटी उघडली की माझ्या हाताकडे बघते. काहीच आलेलं नसलं की म्हणते, "लेखकांना वेळ लागतो."

मला आता हसू येत नाही रे. ती वाळत चाललीय. काय असेल ते लिही. मुलगी कोणत्याही घरची असू दे, मी आहे.

मावशी

१० ऑक्टोबर

आई,

हे शेवटचं प्रकरण. चारदा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहितो.

मी लिफ्टचं काम शिकतोय. गेल्या वर्षापासून. आधी इस्पितळात जाण्याच्या निमित्ताने, मग निमित्त न शोधताच. मिस्त्रीने मला हाताखाली घ्यायचं कबूल केलं आहे. प्राचार्यांना कालच सांगितलं. ते म्हणाले, नीट विचार कर. मी दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, जाण्याआधी आपल्या वसतिगृहाची लिफ्ट तेवढी बघून जा.

तुझं बरोबर होतं, रुग्ण एकदाही आला नाही. आता एक सांगतो. गेल्या महिन्यात एक म्हाताऱ्या बाई लिफ्टमध्ये एकट्याच अडकल्या. आतला दिवा गेला होता. मिस्त्री वर यंत्राच्या खोलीत आणि मी दाराबाहेर जमिनीवर बसलेला. आतून त्या ओरडल्या, "कोणी आहे का?" मी म्हटलं, "आहे." मग विचारलं, "पिशवीत काय आहे?" म्हणाल्या, "सूप. माझ्या नवऱ्यासाठी. तो इथलं जेवत नाही." मी म्हटलं, "सांडलं का?" म्हणाल्या, "झाकण घट्ट आहे, पण गार होईल." मग आम्ही सुपाबद्दल बोललो. त्यात मिरी किती घालायची, यावर वादही झाला. मी एकही वचन म्हटलं नाही. दार उघडल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि नवऱ्याच्या खाटेपर्यंत सोडलाच नाही.

आई, समितीला जो 'हो' हवा आहे तो माझ्या तोंडून निघत नाही. तो 'आहे' मात्र विचार करायच्या आत निघून गेला. मला कोणी बोलावलं असेल तर ते तिथे, त्या दाराशी बोलावलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

मी प्रभूला सोडत नाही, फक्त व्यासपीठ सोडतोय. पण तू मला देऊन टाकलं होतंस, त्याचं काय होतं ते मला कळत नाही. मी घरी आलो तर दिलेलं परत घेतल्यासारखं होईल का? तुझी मान खाली जाईल का? याच भीतीने मी कादंबरी रचली. मला वाटलं, वाचनगटातले सगळे मिळून ठरवतील आणि मी सुटेन.

आई, मला घरी यायचंय. येऊ का?

मी

२५ ऑक्टोबर

ठोंब्या, गाढवा, लबाडा,

लिफ्ट! चार महिने मी त्या घड्याळासाठी अंगठी बघत होते. मंडळीतल्या तीन बायकांना शपथ घालून सांगून ठेवलं होतं, आता त्यांना काय सांगू? एवढे चष्मे विकून मला दिसलं नाही आणि त्या सुईदोऱ्यावालीला दिसलं. महिनाभर तरी मी तिच्याशी बोलणार नाही. उद्यापासून सुरुवात करते, आज बोलायचं बरंच आहे.

शेवटचं प्रकरण तिने स्वतः वाचून दाखवलं, अगदी उभी राहून. 'मी लिफ्टचं काम शिकतोय' हे वाक्य तिने दोनदा वाचलं, पण थांबली नाही. सुपापाशी आली तेव्हा प्लंबरभाऊ डोळे पुसत होते आणि दुकानातल्या चष्म्याचा नंबर चुकीचा आहे असं सांगत होते. सर म्हणाले, "मूळ कादंबरीचा शेवट असाच होता." आणि मग एकदम, "हे आपल्या ठोंब्याचं आहे का?" हे वाक्य ते चष्मा काढून बोलले. पाळकसाहेब म्हणाले, समितीला मी पत्र लिहितो, मुलाला तिथे एकटं वाटू नये.

मी रीतीप्रमाणे विचारलं, "याला कोणी बोलावलं, आणि हा काय सोडून निघाला?" सगळे आपापल्या हातांकडे बघत बसले. सर पुढे खूप वेळ म्हणत होते, मला कधी कोणी विचारलंच नाही मास्तर व्हायचं का म्हणून. मला वाईट वाटलं. त्यांना मी तो खड्यांचा चष्मा फुकट दिला.

सोबत ताईचं पाकीट आहे. पुन्हा शिवलेलं. या वेळी दुहेरी टाका.

तुझी हरलेली मावशी

२४ ऑक्टोबर

बाळ,

तुझं पत्र पोचलं. गटाला वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, पण तू तरी आम्हाला कुठे विचारलं होतंस?

तू झगा घालून उभा राहशील त्या दिवशी मला पहिल्या रांगेत बसायचं होतं. ते राहिलं याचं वाईट वाटतं. वाटत नाही म्हटलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मी देवाशी भांडले. म्हटलं, मी तुला मुलगा दिला आणि तू त्याला लिफ्टमध्ये घातलास. तो काही बोलला नाही. तुझे वडीलही पटलं की असेच गप्प बसायचे.

दिलेलं परत घेतल्यासारखं होईल का, असं विचारतोस. त्या बाईंना अंधारात कोणीतरी हवं होतं आणि तिथे तू होतास. मी ज्या देवाला तुला दिलं त्याने तुला तिथे वापरलं. माझ्याकडे परत काय आलं? आणि मान खाली जाण्याचं म्हणशील तर ती शिवणयंत्रावर गेली वीस वर्षं खालीच आहे.

'येऊ का' असं आईला विचारायचं नसतं. ये. पण त्याआधी मीच येते. समितीच्या शनिवारचं माझं तिकीट काढलेलं आहे, ते मी रद्द करणार नाही. इस्पितळात ये म्हणशील तिथे येईन. त्या बाईंचा नवरा अजून तिथे असेल तर त्यांना भेटू, नसेल तर वरच्या मजल्यावर दुसरं कोणीतरी असेलच.

मी आजवर लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. त्या खोक्याचं दार बंद होताना पाहिलं तरी माझा जीव घाबरा होतो. पाय दुखले तरी मी जिनाच चढते, त्याचं कारण तुझ्या मावशीलाही माहीत नाही. तिला वाटतं, व्यायाम करते.

शनिवारी तू आधी लिफ्टमध्ये जाऊन उभा राहा. मग मी येते. दार मी लावीन.

आई